मिक्स्चर लीन केल्याने व्हॉल्व्ह जळतात का? सेसना १७२एसवरचं लीनिंग आणि इंजिन मॉनिटरचं वाचन

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून १७२एस उडवणाऱ्या प्रशिक्षणार्थीला मे महिन्यातल्या दुपारी रन-अपच्या वेळी, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत, मॅग्नेटो ड्रॉप (ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकच चालू ठेवल्यावर होणारी घट) १६०-१७० आरपीएम मिळतो आणि इंजिन अडखळतं. चेकलिस्ट सांगते, ३,००० फुटांखालच्या विमानतळावर मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्तीत जास्त. हँगरमध्ये ऐकायला मिळतं, लीन केलं, म्हणजे इंधन कमी केलं, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. जी१००० या डिजिटल पॅनेलच्या पडद्यावर चार सिलिंडरांचे चार ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) चार तऱ्हेचे दिसतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तराची सुरुवात उंचीपासून करू, कारण घोळ तिथेच आहे. बारामतीची उंची साधारण २,००० फूट. त्या उंचीवर प्रमाणित तापमान ११ अंश सेल्सिअस. दुपारी पारा ४० वर असेल तर फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले की ३,४८० फूट होतात. ते मूळच्या २,००० मध्ये मिळवले की इंजिन ज्या हवेत श्वास घेतं ती जवळपास ५,५०० फुटांवरची हवा आहे; या उंचीलाच घनता-उंची म्हणतात. त्या उंचीला हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असते. व्हेंच्युरीवर (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यावर) चालणारी इंधन मोजणी, मग ती कार्ब्युरेटरची असो वा १७२एसच्या आरएसए-५ सर्व्होची, घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालते. हवा १५ टक्क्यांनी कमी झाली तरी इंधन ८ टक्क्यांच्या आसपासच कमी होतं. परिणामी मिक्स्चरचा लाल नॉब पूर्ण आत असताना मिक्स्चर गरजेपेक्षा तेवढं अधिक रिच. आणि पूर्ण रिच ही जागा मुळातच, समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलवर सिलिंडर थंड राहावेत म्हणून, मुद्दाम जास्त इंधन देणारी ठेवलेली असते.

सेसनाच्या हँडबुकात ३,००० फुटांचा उल्लेख विमानतळाच्या उंचीचा आहे. इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०९४ मध्ये मर्यादा ५,००० फूट घनता-उंचीची आहे आणि त्यात जास्त तापमानाचाही स्पष्ट उल्लेख आहे: अशा हवेत पूर्ण रिचवर इंजिन अडखळू शकतं, तेव्हा सुरळीत चालेल इतकं लीन करावं, फिक्स्ड पिचचा पंखा असेल तर पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक आरपीएम मिळेपर्यंत. मे महिन्यातली बारामती, नागपूर किंवा गोंदिया याच खात्यात पडतात किंवा अगदी काठावर असतात. तेव्हा चेकलिस्ट मोडण्याचा प्रश्न नाही. तुमच्या मुख्य प्रशिक्षकांसमोर हा घनता-उंचीचा हिशेब मांडा आणि गरम दुपारसाठीची पद्धत त्यांच्याकडून लिखित करून घ्या. प्रशिक्षणार्थीने एकट्याने ठरवण्याची ही गोष्ट नाही.

जमिनीवर

जास्तीत जास्त नुकसान हवेत होत नाही, टॅक्सी करताना होतं. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल आपल्याकडे जे अ‍ॅव्हगॅस बनवते तेही १००एलएलच. शिसं ज्वलनकक्षातून वायुरूपात बाहेर पडावं म्हणून इंधनात इथिलीन डायब्रोमाइड असतं, पण ते काम करायला उष्णता लागते. १,००० आरपीएमवर पूर्ण रिच ठेवून दहा मिनिटं टॅक्सी केली तर प्लगचं टोक तेवढं तापतच नाही आणि शिशाचे मणी प्लगच्या खोबणीत साचतात. खालच्या प्लगांत अधिक, कारण तेलही तिथेच ओघळतं.

म्हणून इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की लगेच लीन करा, आणि हात आखडू नका. नॉब बाहेर घेत जा. आरपीएम थोडं चढेल, मग उतरायला लागेल. तिथेच थांबा. कसोटी ही की थ्रॉटल १,५०० च्या पुढे नेला तर इंजिन अडखळलं पाहिजे. हे मुद्दाम करायचं, म्हणजे विसरून तसंच टेकऑफला निघणं शक्यच होत नाही. अर्धवट लीन करून ठेवणं मात्र धोक्याचं: टॅक्सीत काही जाणवत नाही, थ्रॉटल उघडल्यावर इंजिन चालतं, आणि पूर्ण शक्तीवर मिक्स्चर नेमकं सर्वांत तापणाऱ्या जागी असतं. इतक्या कमी शक्तीवर लीन करून व्हॉल्व्हला किंवा पिस्टनला इजा होत नाही. तेवढी उष्णताच तिथे नसते.

रन-अप १,८०० वर. १७२एसची मर्यादा एका मॅग्नेटोवर १५० आरपीएमचा ड्रॉप आणि दोघांतला फरक ५०. तुमचा आकडा १६०-१७० आहे, म्हणजे आहे त्या स्थितीत उड्डाण नाही. आधी पाहा, ड्रॉप दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकाच. दोन्हींना सारखा आणि बऱ्यापैकी सुरळीत असेल तर बहुतेक मिक्स्चर फार रिच आहे. १,८०० वरच सर्वाधिक आरपीएमपर्यंत लीन करून पुन्हा तपासा. एकाच बाजूला आणि अडखळत असेल तर प्लग. त्यासाठी २,००० च्या आसपास आरपीएम ठेवून, इंजिन जरा कुरकुरेपर्यंत लीन करून अर्धा ते एक मिनिट चालवा, पुन्हा रिच करून तपासा. शिसं जळून गेलं असेल तर ड्रॉप मर्यादेत येतो. दोन प्रयत्नांत आला नाही तर विमान परत नेऊन प्लग काढणं एवढंच उरतं. तिसरा, चौथा प्रयत्न करत बसू नका. त्या गरम हवेत उभ्या विमानाच्या सिलिंडरांना थंड करणारा वारा नसतो.

मॉनिटरचा पहिला उपयोग याच वेळी होतो. मॅग्नेटो बदलताना आरपीएमकडे पाहता तसंच लीन पानावरच्या ईजीटीच्या चार पट्ट्यांकडे पाहा. एका मॅग्नेटोवर एकच प्लग पेटतो, जळण सावकाश होतं, त्यामुळे चारही ईजीटी ५० ते १०० अंशांनी वर जायला हवेत. (हा आणि यापुढचे तापमानाचे आकडे फॅरनहाइटमध्ये, कारण कॉकपिटमध्ये तेच दिसतात.) एखादी पट्टी वर जाण्याऐवजी कोसळली तर तो सिलिंडर त्या मॅग्नेटोवर पेटतच नाही. प्लग कुठला हे क्रमांकासकट कळलं. इंजिनिअरला आठ प्लग काढायची गरज नाही. काढलेल्या प्लगचा रोध मीटरवर मोजायला सांगा. चॅम्पियनच्या प्लगसाठी ५,००० ओहमच्या वर गेला तर तो बाद, मग तो कितीही स्वच्छ दिसो.

टेकऑफसाठी लीन करायचं असेल तर खडी नसलेल्या जागी ब्रेक धरून थ्रॉटल पूर्ण उघडा, नॉब सावकाश फिरवत सर्वाधिक आरपीएम शोधा आणि तिथून किंचित रिचकडे या. १७२एसचं उभ्या विमानाचं पूर्ण थ्रॉटलवरचं आरपीएम २,३०० ते २,४०० च्या दरम्यान अपेक्षित आहे. हे सगळं काही सेकंदांत आटोपा.

व्हॉल्व्ह, ईजीटी आणि खरी उष्णता

इंधन आणि हवेचं वजनी प्रमाण १ ला १५ च्या जवळ असलं की सगळा प्राणवायू आणि सगळं इंधन जवळपास पूर्ण जळतं, आणि ईजीटी शिखरावर असतो. त्यापेक्षा रिच किंवा लीन, दोन्हीकडे तो उतरतो. सर्वाधिक शक्ती शिखराच्या रिच बाजूला, ईजीटी शिखराहून १०० ते १२५ अंश खाली असताना, मिळते. सीएचटीचं, म्हणजे सिलिंडर हेडच्या तापमानाचं, शिखर मात्र ईजीटीच्या शिखरावर येत नाही. ते रिच बाजूला ४०-५० अंशांवर येतं. त्या मिक्स्चरवर ज्वाला सर्वांत वेगाने पसरते, दाबाचं टोक पिस्टन वरच्या टोकाच्या फार जवळ असतानाच येतं आणि हेड, पिस्टन, रिंगा यांच्यावर सर्वाधिक ताण पडतो. आणखी लीन केलं की ज्वाला मंदावते, दाबाचं टोक पुढे सरकतं, सिलिंडर थंड होतो.

लीनिंग बदनाम झालं ते इथे. भीती वाटून अर्धवट लीन करणारा वैमानिक बरोबर या ५० अंश रिचच्या जागी थांबतो आणि आपण काळजी घेतली असं समजतो. १७२एसच्या हँडबुकातलं ‘शिफारस केलेलं लीन’ देखील ५० अंश रिच हेच आहे. ६५ टक्के शक्तीला त्यात काही वावगं नाही. ७५ टक्क्यांवर, उन्हाळ्याच्या हवेत, माझ्या मते ती चांगली जागा नाही. १०० ते १२५ रिचवर या, थोडं इंधन जास्त जाईल.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकून आणि थोडी गाइडमधून बाहेर टाकतो. लायकॉमिंगच्या बहुतेक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात याचसाठी सोडियम भरलेलं असतं. व्हॉल्व्ह जळतो तो टेकणं बिघडल्यामुळे: गाइड झिजला, सीटवर कार्बन-शिसं चिकटलं, व्हॉल्व्ह वाकडा बसला, की एका कडेने गरम वायू निसटतो आणि तेवढाच भाग तापत जातो. म्हणजे पूर्ण रिचवर रेंगाळण्याने साचणारे थर हेच व्हॉल्व्हचे मोठे शत्रू आहेत. १,५०० अंशांचा ईजीटी पाहून घाबरायचं कारण नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला ईजीटीची लाल रेषा नसते. तो आकडा वायूच्या झोताचा आहे आणि झोत दोन फेऱ्यांतून एकदाच येतो. प्रोब फ्लँजपासून किती खाली बसवला आहे, साधारण ५ ते १० सेंटिमीटर, यावरही तो बदलतो. म्हणून चार सिलिंडरांचे चार ईजीटी वेगळे असणं अगदी स्वाभाविक. त्यांची आपसात तुलना करू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या शिखराशी आणि कालच्या त्याच्याशी करा.

नजर ठेवायची ती सीएचटीवर. लायकॉमिंगची कमाल मर्यादा ५०० अंश आहे, पण ती जगण्याची मर्यादा आहे, राहण्याची नव्हे. कारखान्याचाच सल्ला जास्त शक्तीच्या क्रूझला ४३५ आणि किफायती क्रूझला ४०० च्या खाली राहण्याचा आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, नळी पोलादाची. ४०० च्या पुढे अ‍ॅल्युमिनियमची ताकद झपाट्याने घटते. ज्या मॉनिटरवर इशाऱ्याचा आकडा बदलता येतो तिथे तो ४०० वर आणून ठेवा, ५०० ची घंटा वाजेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

हवेत

चढताना एक सोपी युक्ती आहे. समुद्रसपाटीजवळच्या विमानतळावरून, थंड सकाळी, पूर्ण रिच आणि पूर्ण थ्रॉटलवर एका सिलिंडरचा ईजीटी किती दिसतो ते टिपून ठेवा. बहुधा १,२५० ते १,३०० च्या आसपास असेल. मग कुठल्याही चढाईत, पूर्ण थ्रॉटलवर, तो खाली घसरायला लागला की लीन करून त्याच आकड्यावर आणत राहा. उंची, उष्मा, कशाचाच वेगळा हिशेब करावा लागत नाही. सीएचटी ४०० कडे निघाला तर आधी नाक खाली करून ८५ नॉट घ्या, मग थोडं रिच करा. वेग हाच या विमानाचा पंखा.

सपाट उड्डाणात आल्यावर वेग स्थिरावू द्या, आरपीएम लावा, टक्केवारी हँडबुकातल्या तक्त्यावरून काढा. मग बटण न दाबता नॉब फिरवून अर्धा-अर्धा फेरा लीन करा आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. प्रोबला तापायला-निवायला वेळ लागतो, घाईने ओढलं तर शिखर कधी गेलं ते कळत नाही. जी१००० मध्ये असिस्ट दाबलं असेल तर शिखरापासूनचा फरक तोच दाखवतो. सर्वांत आधी शिखर गाठणारा सिलिंडर सर्वांत लीन. रिच बाजूला राहायचं तर त्याच्याच शिखरावरून मोजा.

ईजीटी उतरतोय म्हणजे आपण रिच बाजूला आहोत, हे गृहीत धरू नका. शिखर ओलांडूनही तो उतरतोच. शंका आली तर पाव फेरा रिच करून पाहा: ईजीटी वाढला तर तुम्ही लीन बाजूला आहात.

शिखरावर किंवा त्याच्या लीन बाजूला चालवायचं का? १७२एसच्या हँडबुकाला किफायतीसाठी शिखर मान्य आहे; काही नॉट जातात, पल्ला वाढतो. लीन बाजूबद्दल लायकॉमिंगचा सूर कायम सावध राहिला आहे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एडा इथल्या अ‍ॅडव्हान्स्ड पायलट सेमिनार्सच्या मंडळींनी टेस्ट स्टँडवरच्या दाबाच्या मोजमापावरून उलट बाजू मांडली. त्यांचा ढोबळ आडाखा: ६५ टक्क्यांना १०० रिच ते शिखर हा टाळायचा पट्टा (म्हणजे हँडबुकातली ५० रिचची जागाही त्यांना मान्य नाही), ७५ टक्क्यांना १८० रिचपासून ४० लीनपर्यंत. ६० टक्क्यांच्या खाली नॉब कुठेही असला तरी इजा होणं अवघड. ही कल्पना नवी नाही. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर जी राइट आर-३३५० इंजिनं होती, त्या जातीची इंजिनं फ्लाइट इंजिनिअर टॉर्क ठरावीक टक्क्यांनी घसरेपर्यंत लीन करूनच समुद्र ओलांडत.

चार सिलिंडरांना इंधन सारखं मिळत असेल तरच हे जमतं. ते तपासायची रीत: ६५ टक्क्यांवर, शांत हवेत, अगदी सावकाश लीन करत जा आणि प्रत्येक सिलिंडर शिखरावर आला तेव्हाचा फ्युएल फ्लो लिहा. पहिल्या आणि शेवटच्यातला फरक ताशी अर्ध्या गॅलनपेक्षा कमी असेल तर उत्तम. एक गॅलनचा असेल तर लीन बाजूला इंजिन हादरणारच, हट्ट करू नका. तीनदा करा, एकदाच्या आकड्यावर जाऊ नका. कार्ब्युरेटरच्या १७२एन, १७२पी मध्ये वाटप मुळातच असमान असतं. थ्रॉटल पूर्ण उघड्यापासून केसभर मागे घेतल्याने ते बरंच सुधारतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून सोडायची गरम हवा) लावलीत तर ती हवा विरळ असल्याने मिक्स्चर रिच होतं, तेव्हा पुन्हा लीन करावं लागतं. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे लक्षात असू द्या.

लीन बाजूला शक्ती इंधनावरच ठरते, आणि ८.५ ला १ दाब-गुणोत्तराच्या इंजिनासाठी गणित साधं आहे: ताशी गॅलन गुणिले १४.९. ताशी ८ गॅलन म्हणजे ११९ अश्वशक्ती, १८० च्या ६६ टक्के. पल्ल्याचे तक्ते लीन केलेल्या मिक्स्चरचे असतात हेही विसरू नका. वापरण्याजोगं इंधन ५३ गॅलन. ताशी १० ने ते ५.३ तास पुरतं, ताशी १३ ने जेमतेम चार. पूर्ण रिचवर क्रॉस-कंट्री करून तक्त्यातल्या तासांवर भरवसा ठेवणं हा इंधन संपण्याचा सरळ रस्ता आहे.

उतरताना उलट काम: दर हजार फुटांना थोडं रिच करत या. एकदम पूर्ण आत ढकलू नका, आणि विसरूही नका.

मॉनिटर काय सांगतो

एका सिलिंडरचा ईजीटी ५०-१०० ने वाढला आणि सीएचटी किंचित उतरला: एक प्लग गेला. ईजीटी आणि सीएचटी दोन्ही वाढले, आणि तुम्ही रिच बाजूला आहात: तो सिलिंडर लीन झाला, इंजेक्टर तुंबला किंवा इनटेकला गळती. या दोघांत फरक असा करायचा: गळतीचा परिणाम कमी थ्रॉटलला, मॅनिफोल्डमधला दाब कमी असताना, जास्त दिसतो आणि पूर्ण थ्रॉटलला जवळजवळ नाहीसा होतो. तुंबलेला इंजेक्टर उलट, पूर्ण शक्तीलाच त्रास देतो. इंजेक्टरचं भोक एक मिलिमीटरपेक्षा लहान. ते द्रावणात भिजवून, अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन साफ करतात. तार घालून कधीच नाही.

सुरू केल्यावर मिनिटभर एक पट्टी गायब आणि मग इंजिन सुरळीत: व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय. हे चिन्ह आलं की पुढचं उड्डाण थांबवून गाइडची तपासणी करायला हवी, कारण पुढची पायरी वाकलेली पुशरॉड. स्थिर क्रूझमध्ये एकाच सिलिंडरचा ईजीटी मिनिटाला साधारण एकदा, ३०-६० अंशांनी, लाटेसारखा वर-खाली होत असेल तर जळू लागलेल्या व्हॉल्व्हचा संशय घ्या. व्हॉल्व्ह हळूहळू फिरतो आणि त्याची गळकी कड फिरत जाते. हे पडद्यावर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एसडी कार्डवर दर सेकंदाची नोंद साठते, तिचा आलेख काढला तर दिसतं, आणि खात्री बोरस्कोपने, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, होते: व्हॉल्व्हच्या चेहऱ्यावरचे रंग एका कडेला वेगळे दिसतात.

चारही सिलिंडरांचे ईजीटी वाढलेले, सीएचटी उतरलेले: ठिणगीचं टायमिंग मागे सरकलं. उलट असेल तर पुढे गेलं, आणि ते जास्त धोक्याचं. १७२एसचं टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी २५ अंश. मॅग्नेटोच्या कामानंतरच्या पहिल्या उड्डाणात हे जरूर पाहा.

एक आकडा एका सेकंदात २०० अंश पडला तर तो बिघाड सिलिंडरचा नाही, वायरचा. धातू इतक्या वेगाने निवत नाही. शेजारच्या सिलिंडरशी प्रोब बदलून पाहा, दोष प्रोबबरोबर गेला तर प्रोबच खराब. कारखान्याचा मूळ सीएचटी सेन्सर ज्या सिलिंडरच्या भोकात बसला आहे तिथे नंतर लावलेल्या मॉनिटरचा प्रोब कधीकधी प्लगखाली वॉशरसारखा बसवतात. तो इतरांपेक्षा वेगळाच आकडा दाखवतो, त्यामुळे त्या एका सिलिंडरवरून बॅफल्स (सिलिंडरांवर थंड हवा वळवणारे पत्रे) उसकवू नका.

आणि एक प्रसंग असा की विचार करायला वेळ नसतो. एका सिलिंडरचा सीएचटी दर सेकंदाला एक अंश किंवा त्याहून वेगाने चढतोय आणि त्याचा ईजीटी पडतोय: स्फोटक जळण किंवा प्लगच्या तडकलेल्या चिनी मातीमुळे अवेळी पेटणं. थ्रॉटल लगेच बराच मागे, मिक्स्चर पूर्ण रिच, नाक खाली. मिनिटभरात पिस्टनला भोक पडू शकतं. सीएचटी उतरला तरी पुन्हा पूर्ण शक्ती मागू नका. जवळच्या धावपट्टीवर उतरा आणि बोरस्कोप केल्याशिवाय ते इंजिन सुरू करू नका.

इंजिन बंद करण्याआधी १,८०० वर १५-२० सेकंद, मग १,००० ते १,२०० वर आणून लगेच मिक्स्चरने बंद. नॉब सावकाश ओढा आणि आरपीएमकडे पाहा: मरण्याआधी ते थोडं चढलं पाहिजे. ५० पेक्षा जास्त चढलं तर आयडल मिक्स्चर फार रिच लावलं आहे. अजिबात न चढता पडलं तर फार लीन. तुमच्या विमानात टॅक्सीनंतर दर वेळी प्लग शिशाने भरत असतील, तर इंजिनिअरला पहिल्यांदा हाच आकडा सांगा.